आठ बाइटांची मोकळी जागा

औषधांच्या काउंटरवरची बाई खाली वाकली, तिने संगणकाची भिंतीतली वायर उपटली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि वायर पुन्हा खुपसली. "झोपतो मेला मधूनच," ती वेंडेल ऑस्टबीला म्हणाली. "बाकी सगळं चालू असतं बघा. घड्याळ चालतं, बाण हलतो. फक्त तुमचं नाव शोधायला जो आत जातो, तो काही परत येत नाही." वेंडेलने काउंटरची कड धरली. त्याच्या मागे ओल्या जाकिटांतली चारपाच माणसं रांगेत उभी होती आणि त्यांतल्या कुणालाच याचं काही वाटत नव्हतं. एक जण फोनमध्ये डोकं घालून होता, एक म्हातारी वाढदिवसाची कार्डं चाळत होती. "केव्हापासून होतंय हे?" त्याने विचारलं. आपला आवाज नको इतका हळुवार निघाला हे त्याच्या लक्षात आलं. "उन्हाळा संपता संपता सुरू झालं. आधी वाटायचं माझंच बोट चुकतंय. मग वर फोन केला, तर म्हणाले बंद करून चालू करा. आता सवय झाली. सवय कशाची होत नाही?" ती हसली. पडदा पुन्हा उजळला, त्याच्या बायकोच्या, लोइसच्या, थायरॉइडच्या गोळ्या आल्या, पिशवीला स्टेपल बसलं आणि बाई त्याच्या खांद्यावरून पुढच्या माणसाकडे बघायला लागली.

बाहेर छपराखाली उभं राहून त्याने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. समोरून ट्राम गेली. ती त्याचीच होती, पण तो हलला नाही. जे वाटत होतं त्याला नाव द्यायला तो कचरत होता. भीती नव्हती ती. पश्चात्ताप म्हणावा तर तोही नव्हता, निदान सुरुवातीला तरी नव्हता. आपलं काहीतरी परक्या जागी ओळखू यावं तसा आनंद होता तो, आणि त्या आनंदाची त्याला किळस आली. शपथेवर त्याला काही सांगता आलं नसतं. पण घड्याळ चालतं, बाण हलतो आणि एकच प्रोसेस कायमची निजते, ही लक्षणं दुसऱ्या कुठल्या दुखण्याची नव्हती. आणि या साखळीच्या दुकानांतली यंत्रं कुणाच्या कर्नेलवर चालतात हेही त्याला माहीत होतं. ते कंत्राट मिळालं तेव्हा त्याच्या कंपनीत केक कापला गेला होता आणि त्यातला एक तुकडा त्याने खाल्ला होता. गाजराचा केक, वर जाड पांढरा थर.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या तळघरातला कारभारी. वर लोक पत्रं लिहितात, सिनेमे बघतात, गोळ्यांची बिलं करतात. त्या प्रत्येक कामाची खाली एक प्रोसेस असते आणि प्रत्येक प्रोसेसमागे कर्नेल एक नोंद ठेवतो. ही कोण, हिचा बाप कोण, हिला किती वेळ दिला, ही जागी आहे की निजली. वेंडेलची सगळी उमेद त्या एका नोंदीत गेली होती. जगातून कुठूनही येईल तो तिच्यात आपला एक रकाना टाकायला बघायचा. एवढंसंच तर आहे, आठ बाइट, कुणाच्या डोळ्यावर येणार? पण प्रोसेस एक नसते, हजारो असतात, आणि एका यंत्राची हजारो यंत्रं होतात, हे त्या येणाऱ्यांच्या गावी नसायचं. वेंडेल दारात बसलेला असायचा. कर्नेलच्या मेलिंग लिस्टवर, सगळ्या जगासमोर, तो एका शब्दाचं उत्तर द्यायचा: कशासाठी? बर्लिनपासून सेऊलपर्यंतची माणसं त्या शब्दाला टरकून असायची. एखाद्या परिषदेत कुणी कॉफीचा पेला हातात घेऊन त्याच्यापाशी यायचं आणि म्हणायचं, तूच ना तो? त्याला ते आवडायचं. आपल्याला ते आवडतं हे मात्र त्याने कुणाला कळू दिलं नाही. लोइसने एकदा कुत्रा पाळायचं काढलं, तेव्हाही त्याच्या तोंडून तेच निघालं होतं. ती दोन दिवस बोलली नव्हती. कुत्रा आला नाही, आणि पुढे तिने विषयही काढला नाही.

दुसरी ट्राम आली तेव्हा तो चढला आणि खिडकीशी बसला. पुलावरून जाताना नदी शिशाच्या रंगाची दिसत होती. ब्रिजेट पाइक या गावात, त्याच्या कंपनीत, नवी आली तेव्हा याच ट्रामने त्याच्याबरोबर यायची. स्पोकेनहून आलेली, दातांत केसांची पिन धरून बोलणारी पोरगी. इतके प्रश्न विचारायची की स्टेशन आलेलं कळायचं नाही. मग रस्त्यावरच्या फूडकार्टवरचा बरिटो खाताना उरलेले विचारायची. वेंडेलला शिकवायची हौस नव्हती, पण तिला सांगताना तो लांबत जायचा. दुसऱ्याने लिहिलेला कोड इतक्या बारीक नजरेने वाचणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं. म्हणून कर्टिसने, म्हणजे त्या दोघांच्या वरच्या साहेबाने, त्या दिवशी बैठकीत पडद्यावर चित्र लावलं तेव्हा पहिल्यांदा वेंडेलला काही खटकलंच नाही. कर्नेल या नोंदी मेमरीच्या एकेका तुकड्यात, एकेका लादीत, रचून ठेवतो. एका लादीत आठ मावतात. नोंद थोडी बारीक केली तर त्याच लादीत नववी मावेल, आणि कंपनीच्या सगळ्या यंत्रांत मिळून जी मेमरी वाचेल तिचा आकडा पडद्यावर निळ्या अक्षरांत होता. बरोबर होतं ते. वेंडेल वर्षानुवर्षं हेच तर सांगत होता. मग कर्टिस म्हणाला, "हे काम ब्रिजेट करेल. वेंडेल मार्गदर्शन करेल. त्याचं ज्ञान पुढच्या पिढीकडे जायला हवं, नाही का वेंडेल?" आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघून प्रेमळपणे माना हलवल्या. जिवंत माणसाचं सामान वाटून घ्यायला बसलेल्या नातेवाइकांसारख्या. ब्रिजेटने मान हलवली नव्हती, ती टेबलाकडे बघत होती. हे त्याला पुढे बऱ्याच वेळा आठवलं आणि प्रत्येक वेळी त्याने त्याचा अर्थ वाईटच लावला.

तिने काम झकास केलं, हेच तर सगळ्यात कडू होतं. नोंदीतले दोन रकाने एकमेकांना नीट चिकटले नाहीत की मध्ये मोकळी जागा राहते. अशी भोकं शोधून दाखवणारं हत्यार असतं, त्याच्या यादीवर ती दिवसचे दिवस बसली. मेलेले रकाने तिने काढले, मोठे होते ते लहान केले, क्वचित लागणारे बाहेर नेऊन ठेवले. मग तिने सगळं सात पॅचमध्ये, म्हणजे सात सुट्या दुरुस्त्यांत, बांधून मेलिंग लिस्टवर पाठवलं, सगळ्या जगाला आणि एक प्रत त्याला. खाली तिची ओळ होती: वेंडेल, तुला काही खटकलं तर जरूर सांग. त्याने कॉफी घेऊन वाचायला घेतलं. पहिला पॅच ठीक. दुसरा तर त्याला स्वतःला सुचायला हवा होता. तिसऱ्यावर तो थांबला, पेला खाली ठेवला आणि खुर्चीत मागे टेकला.

नोंदीत दोन खुणा होत्या, एकेका बिटाच्या. एक खूण प्रोसेस स्वतः करते: मी आता निजते. दुसरी खूण तिच्या वतीने दुसरं कुणी करतं: हिला हाक मारलेली आहे, उठवा. त्या दोन खुणा लांब लांब होत्या आणि मध्ये आठ बाइटांची जागा रिकामी होती. ती जागा वेंडेलने स्वतः सोडली होती. का सोडली हे त्याने तिथे लिहून ठेवलं नव्हतं. ज्याला कळतं त्याला कळतं, असं त्याचं म्हणणं असायचं. ब्रिजेटच्या हत्याराला ते नुसतं भोक दिसलं. तिने दोन्ही खुणा शेजारी शेजारी, एकाच शब्दात, म्हणजे बिटांच्या एकाच गठ्ठ्यात, बसवल्या आणि आठ बाइट वाचवले. पण प्रोसेसरला एक बिट सुटं लिहिता येत नाही, तो अख्खा शब्द उचलतो, त्यात बदल करतो आणि अख्खा परत ठेवतो. दोघांत एकच पाटी असावी, दोघांनी तिची एकाच क्षणी नक्कल करून घरी न्यावी, आपापली ओळ घालावी आणि परत आणून टांगावी. जो नंतर टांगेल त्याची ओळ राहते, आधीच्याची पुसली जाते. म्हणजे हाक मारल्याची खूण पुसली जाणार. नेहमी नाही. लाखांत एकदा, कोटीत एकदा, दोन प्रोसेसरांची बोटं एकाच क्षणी पडली तरच. मग ती प्रोसेस हाक ऐकल्याशिवाय निजून राहणार, आणि तिला पुन्हा कुणी हाक मारणार नाही, कारण मारणाऱ्याच्या हिशेबी हाक मारून झालेली आहे. तपासायला जावं तर सगळं जागच्या जागी. चाचण्यांत हे सापडत नाही. हे फक्त डोळ्याला दिसतं, तेही वेंडेलच्या डोळ्याला.

त्या क्षणी त्याला जे वाटलं ते सुख होतं, आणि किती दिवसांनी होतं. खिडकीतून फूडकार्टांच्या छपरांवरून वाफ निघताना दिसत होती आणि ती त्याला सुंदर वाटली. त्याने उत्तराची खिडकी उघडली. एक ओळ लिहायची होती. मग त्याच्या मनात आलं, काय घाई आहे? मार्गदर्शन करायला ठेवलंय ना मला. विचारायला येतील तेव्हा करू. त्याने खिडकी मिटली. मेलिंग लिस्टची रीत अशी की पॅच सगळ्यांपुढे टाकायचा आणि काही आठवडे थांबायचं. ज्याला हरकत घ्यायची त्याने उघड घ्यायची. कुणी घेतली नाही तर पॅच आत जातो. गप्प बसणं ही संमती. ही रीत वेंडेलने किती नवख्यांना दरडावून शिकवली होती! नंतर येऊन रडू नका, तेव्हा तोंड का शिवलं होतं? आता तो स्वतः रोज उठून तोंड शिवायचा. मनात म्हणायचा, आज नको, उद्या. बर्लिनच्या कुणीतरी पहिल्या पॅचवर शाबासकी दिली. सेऊलच्या कुणीतरी एक शुद्धलेखनाची चूक काढली. तिसऱ्यावर कुणी काही बोललं नाही. सातही आत गेले, लादीत नववी नोंद मावली, कर्टिसच्या पडद्यावर हिरवी खूण आली. आणि वेंडेलला वाटलं, बघू या. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज ना उद्या कुठेतरी काहीतरी निजेल, ही माणसं डोकी आपटतील, महिना महिना आपटतील, आणि शेवटी कुणीतरी म्हणेल, अरे, वेंडेलला विचारा. मग तो थोडा वेळ घेईल. चष्मा पुसेल. आणि म्हणेल, तिसरा पॅच बघा.

ऑगस्टमध्ये त्यालाच निरोप दिला. तोही प्रेमाने. स्वेच्छेने जाणाऱ्यांसाठी एक योजना निघाली होती आणि तिच्यात स्वेच्छा कुणाची, हे कर्टिसने त्याला दार लावून नीट समजावून सांगितलं. पुन्हा केक आला, या वेळी चॉकलेटचा, त्याचं नाव निळ्या क्रीमने लिहिलेलं आणि आडनावातलं एक अक्षर चुकलेलं. ब्रिजेटने त्याला मिठी मारली. "दूर जाऊ नकोस रे," ती म्हणाली, "लिस्टवर असशील ना?" तो म्हणाला, "बघू." घरी बसून तो लिस्ट वाचत राहिला. सप्टेंबरात पहिली तक्रार आली: क्वचित एखादी प्रोसेस उठत नाही, कारण सापडत नाही. वेंडेलने त्या दिवशी दाढी केली. फोन जेवणाच्या टेबलावर, पडदा वर करून ठेवला. दुसरी तक्रार आली, तिसरी आली. मग कुणीतरी एक पॅच टाकला: एक पहारेकरी, जो थोड्या थोड्या वेळाने निजलेल्यांमधून फिरेल आणि फार वेळ निजलेल्याला ढोसून उठवेल. कारण कळलं नाही तरी काम भागतं, असं त्याने खाली लिहिलं होतं, न लाजता. तिघाचौघांनी छान म्हटलं. ब्रिजेटने लिहिलं, ठीक वाटतंय. एवढंच. कुणी डोकं आपटलं नाही, कुणी वेंडेलचं नाव काढलं नाही. नव्या यंत्रांवर पहारेकरी बसला, आणि जुन्यांवर, औषधांच्या दुकानात वगैरे, लोक वायर उपटायला शिकले.

घरी आल्यावर त्याने पिशवी टेबलावर ठेवली. लोइस सूप करायला भाज्या चिरत होती. ती आठवड्यातून तीन दिवस शेजारच्या लायब्ररीत मुलांना गोष्टी वाचून दाखवायची आणि घरी आली तरी तिच्या बोलण्यातला तो गोष्टीतला ठसका जायचा नाही. "मिळाल्या का गोळ्या?" "मिळाल्या. त्यांचं यंत्र गोठलं होतं." "आमच्या लायब्ररीतलंही गोठतं. परवा एक पोरगं म्हणालं, मिस लोइस, त्याला पण दुपारची झोप लागते." ती हसली, मग सुरी खाली ठेवून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि तू रे? यंत्र गोठलं त्यात हसण्यासारखं काय आहे?" आपण हसत होतो हे त्याला माहीत नव्हतं. "काही नाही." "तुला ठाऊक आहे त्याला काय झालंय ते." "असेल." "मग सांग की त्यांना." "त्यांनी विचारलं नाही." "हां," लोइस म्हणाली. "म्हणजे टोप्या हातात घेऊन रांगेने यायला हवं होतं त्यांनी. ऑस्टबीसाहेब, चुकलो, पदरात घ्या. आणि येत नाहीत म्हणून तू दारात खुर्ची टाकून बसणार. किती दिवस बसणार?" तो म्हणाला, गरज सरो, वैद्य मरो, असली माणसं ती. लोइसने गाजर चिरायला घेतलं. "वैद्याने औषध दिलं असेल तर ती म्हण, वेंडेल. तू काय दिलंस?" तिला काहीच माहीत नव्हतं, ती आपली सुचेल ते बोलत होती. पण तो जेवताना तिच्याकडे बघू शकला नाही.

चार दिवस तो औषधांच्या दुकानातल्या त्या बाईच्या हसण्यातून सुटला नाही. सवय कशाची होत नाही? महिना महिना त्याने पाहिलेलं स्वप्न त्या एका वाक्यात संपलं होतं. जगाने ती चूक गिळली होती. उपाशी माणूस वरणातला खडा गिळतो तशी. कुणी कधी विचारायला येणार नव्हतं. सव्वा लाखाची मूठ झाकून झाकून हाताला मुंग्या आल्या होत्या आणि ती न उघडता तो मेला असता तर एका शब्दातली ती दोन बिटं त्याच्यासकट गेली असती. निदान एका माणसाला कळायला हवं होतं की वेंडेल ऑस्टबीने पाहिलं होतं. निदान ब्रिजेटला. तिचा चेहरा कसा होईल, हे त्याने आंघोळ करताना पाहिलं, बूट घालताना पाहिलं. आधी ती नाही म्हणेल. मग तिचे डोळे आतल्या आत तो कोड वाचायला लागतील, आणि मग हात तोंडावर जाईल. ते सगळं त्याने इतक्या वेळा पाहिलं की फोन लावताना त्याला वाटलं आपण झालेल्या गोष्टीबद्दलच बोलायला चाललोय. "वेंडेल! अरे कुठे आहेस कुठे तू!" ब्रिजेट म्हणाली. तिच्या आवाजात खरा आनंद होता आणि तो ऐकून वेंडेलला क्षणभर फोन ठेवून द्यावासा वाटला. "बोलायचंय? मग शनिवारी तलावावर ये ना. आमच्या नोराचा पोहण्याचा वर्ग असतो, मी अर्धा तास नुसती बसलेली असते. दुसऱ्या कुठल्या वेळी माझ्याकडे डोकं नसतं."

तलाव बंदिस्त होता. आत शिरताच त्याच्या चष्म्यावर वाफ धरली आणि जग पांढरं झालं. क्लोरीनचा वास, पोरांचा कल्ला, शिट्टी. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाफ धरली, तेव्हा तो हातातच ठेवला. ब्रिजेटने बाकावरचा ओला टॉवेल उचलून त्याला जागा केली. जवळून ती दमलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. कर्टिस दुसऱ्या कंपनीत गेला, ती सांगत होती. आता तिच्यावर कुणीच नाही आणि सगळेच आहेत. "तू गेल्यापासून लिस्ट मेल्यासारखी झालीये. परवा कुणीतरी सोळा बाइटांचा रकाना घेऊन आला आणि कुणी ब्र काढला नाही. मला इतकं ओरडावंसं वाटलं, कशासाठी?" तुझ्यासारखं करून बघितलं, अशा थाटात ती हसली. वेंडेलला तिच्याबद्दल पूर्वीचं सगळं वाटलं, आणि त्याने घाईने ते दाबलं, कारण वाक्य तयार होतं. "तुझा तिसरा पॅच," तो म्हणाला. "दोन खुणा तू शेजारी बसवल्यास." पाण्यात पोरं कड धरून पाय झाडत होती. ब्रिजेटने त्यांच्यावरची नजर काढली नाही. "एक आपली आपण करायची, एक दुसऱ्यांनी करायची," ती म्हणाली. "दोन्ही एका शब्दात. हाक पुसली जाते. माहीत आहे मला."

"कधी कळलं?" त्याने विचारलं. "पाठवल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात. भांडी घासताना. हातातली बशी फुटली." "मग काढलं का नाहीस?" "वेगळ्या केल्या की आठ बाइट वाढतात. आठ वाढले की लादीत नऊ मावत नाहीत, पुन्हा आठ. आणि नऊचा आकडा कर्टिसने वर दाखवून टाकला होता, टाळ्याही घेतल्या होत्या. मी काय सांगणार होते, माफ करा, आठच?" तिने केसांतली पिन काढली आणि पुन्हा खोचली. "पण मी थांबले होते, वेंडेल. खरंच थांबले होते. तुझी एक ओळ आली असती ना, मी त्याच दिवशी परत घेतला असता. वेंडेलने हरकत घेतली म्हटल्यावर कर्टिससुद्धा गप्प बसला असता. रोज सकाळी मी दात घासायच्या आधी मेल उघडायची. आज येईल, आज येईल. आणि तू काहीच म्हणाला नाहीस. मग मला वाटलं, याने पाहिलंय. हा वाचणार आणि याला दिसणार नाही, असं होतंच नाही. म्हणजे याने तोलून बघितलंय. कधीकाळी एखादी प्रोसेस निजली तर निजली, पण नववी जागा मोठी. तुला चालतंय तर मी कोण? तुझ्या गप्प बसण्यावर मी निर्धास्त झाले. पुढे तो पहारेकरी आला तेव्हाही ठीक म्हटलं. आता कोण हात लावतंय त्याला?" मग तिने पहिल्यांदाच मान वळवली. चष्म्याशिवाय तिचा चेहरा त्याला धूसर दिसत होता, पण ती थेट त्याच्याकडे बघत होती आणि तिला खरंच उत्तर हवं होतं. "पाहिलं होतंस ना?"

किती सोपा प्रश्न होता. याच प्रश्नासाठी तो इतके महिने दाढी करून बसला होता. हो म्हणायचं. हो, कॉफी निवायच्या आत पाहिलं, आणि कुणी पाहिलं नाही ते पाहिलं. पण हो म्हटलं की दुसरा प्रश्न येणार, मग बोलला का नाहीस? आणि त्याचं उत्तर या मुलीला देता येण्यासारखं नव्हतं. तू मान खाली घालून बसली होतीस म्हणून? माझ्या खुर्चीत तुला बसवलं म्हणून? तू चुकावीस आणि मला बोलवावंस म्हणून? ती दात घासायच्या आधी मेल उघडत होती तेव्हा तो कॉफी पीत तिच्या पडण्याची वाट बघत होता. हे तिने कधी ऐकता कामा नये. ट्राममधली ती पोरगी, तिचे प्रश्न, बरिटो, सगळं त्याखाली मेलं असतं, आणि त्याच्याकडे बाकी काय होतं? दुसरं उत्तर एकच होतं. ते द्यायचं म्हणजे आयुष्यभर कमावलेली एकुलती एक गोष्ट काढून ओल्या बाकावर ठेवायची होती. तो डोळा. त्याला दिसणार नाही असं होतंच नाही, हे अजून या जगात एक माणूस मानत होतं आणि ते शेजारीच बसलं होतं.

"नाही," वेंडेल म्हणाला. "नजरेतून सुटलं असावं."

 ब्रिजेटचा चेहरा सैल झाला, भुवयांमधली आठी गेली, आणि त्याला वाटलं राग आला असता तर बरं झालं असतं. तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला. "असू दे रे," ती म्हणाली. "होतं असं. माझे बाबाही हल्ली…" वाक्य तिने सोडून दिलं. पाण्याकडे एकदा बघून घेतलं, तिची पोरगी कड धरून होती, आणि ती त्याच्याकडे वळून बसली. आता तिचा आवाज खाली आला होता आणि शब्द सुटे सुटे, सावकाश येत होते. "सांगू का तुला काय झालं ते? फार अवघड नाहीये. हे बघ, प्रोसेसरला एकटं एक बिट लिहिता येत नाही. आठवतंय ना? तो अख्खा शब्द उचलतो." तिने दोन बोटं वर केली, ही एक खूण, ही दुसरी. वेंडेल त्या बोटांकडे बघत राहिला, आणि ती जिथे थांबायची तिथे तो समजल्यासारखी मान हलवायचा.